शिलाई मशीन सुरू झालं की गप्प बसायचं

काबूल आपल्यापेक्षा एक तास मागे आहे. आमचा वर्ग त्यांच्या घड्याळात सकाळी साडेनऊला भरतो, माझ्या घड्याळात साडेदहाला. त्या वेळी घरोघरचे पुरुष कामाला गेलेले असतात, गल्लीत भाजीची गाडी आलेली असते, बायकांची ये-जा सुरू असते. अशा वेळी अकरा मुली पाच-पाच, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने एका घरात शिरल्या तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ही वेळ तिने, माझ्या जुन्या अफगाण विद्यार्थिनीने, ठरवली. या वर्गातली प्रत्येक गोष्ट तिनेच ठरवली आहे. मी फक्त पुण्यात बसून शिकवते.

तिचं नाव मी लिहिणार नाही, घराचा भागही सांगणार नाही. तिच्याबद्दलचे एक-दोन तपशील मुद्दाम बदलले आहेत आणि हे प्रसिद्ध करण्याआधी तिला वाचून दाखवलं आहे. जे घडलं ते मात्र जसंच्या तसं आहे.

ती २०१५ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बी.एस्सी. करायला पुण्यात आली. मी तेव्हा जीवशास्त्र शिकवत होते. कॅम्पात, कोंढव्यात खोल्या घेऊन राहणारे अफगाण विद्यार्थी पुण्याला नवीन नाहीत. पण बाकीची मुलं मागच्या बाकांवर घोळक्याने बसायची, ही पहिल्या बाकावर. समजलं नाही की हात वर करून म्हणायची, "मॅडम, परत." तास संपेपर्यंत चार-पाच वेळा तरी. तिच्यामुळे मी हळू बोलायला शिकले, आणि त्याचा फायदा आमच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाही झाला.

२०१८ मध्ये ती परत गेली. मला वाटलं होतं, एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी धरेल. ती बायकांना कायद्याची मदत करणाऱ्या एका छोट्या गटात गेली. अफगाणिस्तानात २००९ साली स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला होता. त्यात २२ प्रकारची कृत्यं गुन्हा ठरवली होती. जबरदस्तीचं लग्न त्यात होतं, मुलीचं शिक्षण अडवणं होतं, आणि 'बाद' होतं, म्हणजे दोन घराण्यांतलं वैर मिटवायला एका घरची मुलगी दुसऱ्या घरात देऊन टाकणं. तिचं काम एवढंच, की खेड्यापाड्यांत जाऊन बायकांबरोबर सतरंजीवर बसायचं, चहा प्यायचा आणि हा कायदा त्यांच्या कानांवर घालायचा. ज्या बायका पुढे येत त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. फोनवर मला सांगायची, "मॅडम, बायका आधी तासभर सुनेबद्दल, गाईबद्दल बोलतात. खरी गोष्ट उठताना दारात सांगतात."

१५ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे झेंडावंदन झालं आणि दुपारनंतर काबूल तालिबानच्या हाती पडल्याच्या बातम्या यायला लागल्या. मी तिला तीन-चार वेळा फोन लावला. रात्री तिचा एका ओळीचा निरोप आला: फाइली जाळतेय.

नंतर तिने सविस्तर सांगितलं. ऑफिसातल्या तक्रारींच्या फाइली त्या तिघी-चौघींनी वाटून पिशव्यांत भरून घरी नेल्या होत्या. प्रत्येक फाइलीत एक बाई होती: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, अंगठा. ते कागद कुणाच्या हाती लागले असते तर त्या बायकांचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. घरच्या तंदूरपाशी बसून तिने रात्रभर एकेक कागद आत टाकला. टाकण्याआधी नाव वाचायची. का, असं मी विचारलं. म्हणाली, "कुणालातरी आठवायला हवं ना." तीन वर्षांचं काम तिने स्वतःच्या हाताने जाळलं. चळवळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो. माझ्या डोळ्यांसमोर आता ती तंदूरपाशी बसलेली येते.

मोर्चेही झाले. सप्टेंबरात काबूलमध्ये, हेरातमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, बंदुका रोखलेल्या माणसांसमोर. त्यांची घोषणा होती, 'नान, कार, आज़ादी'. नान म्हणजे भाकरी, कार म्हणजे काम. आपल्या कारखान्यातला, कारागिरीतला 'कार' तोच. स्त्रियांसाठीचं जे मंत्रालय होतं, त्याच्या इमारतीवर त्याच महिन्यात सदाचाराचा प्रसार आणि दुराचाराला प्रतिबंध करणाऱ्या खात्याची पाटी लागली. त्या इमारतीपुढे जाऊन वीस-पंचवीस बायका उभ्या राहिल्या. त्यांत ही होती. जानेवारी २०२२ मध्ये मोर्च्यावर तिखटाचे फवारे मारले, आणि तीन-चार दिवसांत रात्री-अपरात्री घरांची दारं ठोठावली जाऊ लागली. दारावर लाथा बसत असताना एका आंदोलक मुलीने मदतीसाठी हाका मारत काढलेला व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला. तो मी एकदा पाहिला, पुन्हा पाहायचं धाडस झालं नाही. त्यानंतर कित्येक आठवडे ही स्वतःच्या घरी झोपली नाही.

मी तिच्या मागे लागले होते, की तू निघ. खरं तर निघणंही सोपं नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला पुण्यात प्रवेश मिळाला होता, व्हिसाही हातात होता. पण त्या ऑगस्टमध्ये अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द झाले. नव्याने अर्ज करायचा होता. तिने केला. उत्तर आलंच नाही. तरीही मी हिला दर फोनला तेच सांगत राहिले. एकदा ती मला शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणता तेव्हा मला एकटीचं तिकीट दिसतं. गल्लीतल्या मुली दिसत नाहीत." त्या दिवसापासून मी तो विषय काढला नाही. जीव वाचवायला जे गेले त्यांना नावं ठेवायचा मला काय, कुणालाच अधिकार नाही. पण राहण्याचा निर्णयही पूर्ण विचाराने घेतलेला असू शकतो, हे मला उशिरा समजलं.

तिच्यापुढे आईचं उदाहरण होतं. १९९६ ते २००१, तालिबानच्या पहिल्या राजवटीत, तिची आई घरात मुलींना लपून शिकवायची. हेरातमध्ये तर बायका शिवणकामाच्या वर्गाला जातो असं सांगून साहित्य शिकायच्या. पिशवीत वर कापड आणि कात्री, खाली वही. आईचे त्या वेळचे सगळे नियम हिने जसेच्या तसे उचलले. दोघींनी एकत्र यायचं नाही, एकत्र निघायचं नाही. चपला दारात ठेवायच्या नाहीत, आत न्यायच्या. मोठ्याने हसायचं नाही. आणि शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना आपलंसं करून ठेवायचं, कारण गल्लीवर पहिलं लक्ष त्यांचं असतं.

३० सप्टेंबर २०२२ ला पश्चिम काबूलच्या काज शिकवणीवर्गात मुलं प्रवेश परीक्षेची सराव परीक्षा देत होती, तिथे आत्मघाती स्फोट झाला. पन्नासहून अधिक गेली, त्यांत बहुसंख्य तरुण मुली, हजारा या अल्पसंख्याक समाजातल्या. सहावीच्या पुढच्या शाळा तर एक वर्षापासून बंदच होत्या. २० डिसेंबरला विद्यापीठांची दारंही मुलींना बंद झाली. त्याच आठवड्यात स्वयंसेवी संस्थांमधल्या बायकांना घरी बसवलं. नवीन वर्ष लागलं आणि तिचा निरोप आला, "मॅडम, बायोलॉजी शिकवाल का? अकरा मुली आहेत."

बायोलॉजीच का, तर एक फट उरली होती. सुईणीचं आणि परिचारिकेचं दोन वर्षांचं शिक्षण देणाऱ्या आरोग्य संस्था मुलींना अजून घेत होत्या. तिथे प्रवेश मिळवायला विज्ञान पक्कं हवं.

मग आम्ही वर्ग बांधला. व्हिडिओ नाही, फोटो नाही, कधीच नाही. खोलीत एकच फोन, तोही छपरावरच्या सोलरच्या बॅटरीवर चार्ज केलेला, कारण विजेचा भरवसा नाही. मी नोट्स पाठवायच्या त्या अगदी हलक्या, चित्रं हाताने काढून, कारण डेटा महाग. आठ मिनिटांचा आवाजी पाठ, ऐकला की पुसून टाकायचा. मी आपणहून कधी फोन करायचा नाही, निरोप टाकायचा नाही. आधी तिच्याकडून यायला हवं. हा नियम पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

मुलींची नावं मला आजही माहीत नाहीत. त्यांना नंबर आहेत. पहिल्या दिवशी मी हजेरी घ्यायला लागले, "एक", आणि पलीकडून आवाज आला, "हाजिर, मुअल्लिम साहिब." मुअल्लिम म्हणजे शिक्षक. तिकडे शिकवणारी बाई असली तरी साहिबच म्हणतात. आपण शाळेत बाकावरून उठून 'हजर' म्हणायचो ना, तो हाच शब्द. मग दर तासाला शब्द जुळवायचा आम्हाला नादच लागला. कागद, कलम, नकाशा, जमीन, बाजार, दरवाजा. या मुली मालिका पाहून हिंदी समजू लागलेल्या, त्यामुळे वर्ग इंग्रजी, हिंदी आणि दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, अशा तिन्हींत चालतो. पण शब्द जुळतो म्हणून अर्थ जुळतोच असं नाही. मी एकदा बेशुद्ध पडलेल्या माणसाबद्दल सांगताना म्हटलं, लगेच दवाखान्यात न्या. मुली गोंधळल्या. दरीत दवाखाना म्हणजे औषधांचं दुकान. हॉस्पिटल म्हणजे शफाखाना. त्या दिवसापासून मी शिकवण्याआधी प्रत्येक महत्त्वाचा शब्द तिच्याकडून तपासून घेते.

खोलीत खिडकीपाशी दोन शिलाई मशीनं आहेत. गल्लीच्या लेखी तो शिवणवर्ग आहे आणि मुली खरोखर शिवतातही, त्यातून डेटाचे पैसे निघतात. दार वाजलं की एकीने मशीन चालवायला घ्यायचं. तो आवाज फोनवर आला की मी गप्प बसायचं, फोन बंद करायचा आणि वाट पाहायची. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी पेशीचं विभाजन शिकवत होते. वाक्य अर्धवट तोडून फोन ठेवला. तीन तास काही नाही. स्वयंपाक केला नाही, कुणाशी बोलले नाही. दुपारी निरोप आला, मीटर बघायला माणूस आला होता. असं आजवर नऊ वेळा झालं आहे. सवय झाली नाही, होऊही नये.

२०२३ मध्ये तीन आणि आठ नंबर सुईणीच्या शिक्षणाला लागल्या. सुईणीला तिकडे काबिला म्हणतात. त्यांचे प्रश्न मला झेपेनात. मी पेशी आणि ग्रंथी शिकवलेली बाई. बाळंतपण मी फक्त माझं स्वतःचं पाहिलेलं. मग मी माझ्या वन्संना बोलावलं. वन्संनी जुन्नर तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून ३१ वर्षं काढली. रात्री-बेरात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात त्यांनी बाळंतपणं केली आहेत. त्यांचं इंग्रजी जेमतेम. त्या मराठीत सांगायच्या, मी इंग्रजी-हिंदीत, ती दरीत.

पहिल्याच तासाला वन्संनी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घेतला. म्हणाल्या, बाकी सगळं नंतर, बाई मरते ती यात. वार पडल्यावर पोटावर हात ठेवून बघायचं, गर्भाशय आवळलंय का. "नारळासारखं टणक लागायला हवं. मऊ लागलं तर चोळायचं, थांबायचं नाही, बाळाला पाजायला लावायचं आणि गाडी बोलवायची." पलीकडे शांतता. नारळ हातात कुणी धरलेला नव्हता. मग तिने सांगितलं, बिहीसारखं. बिही म्हणजे त्यांच्याकडचं एक टणक, पिवळं फळ. एका मुलीने उठून स्वयंपाकघरातून बिही आणलं आणि ते खोलीभर हातोहात फिरलं. दुसऱ्या हातात कणकेचा सैल गोळा. डोळे मिटून ओळखायचं, कुठलं आवळलेलं आणि कुठलं सैल. मला काही दिसत नव्हतं, नुसते "ई, ई" असे आवाज येत होते. ई म्हणजे हे.

मग वन्संनी विचारलं, रात्री रक्त थांबत नाही आणि नवरा परगावी असेल तर काय करता? चार नंबरची मुलगी म्हणाली, थांबतो. बाईने ७२ किलोमीटरच्या पुढे घरच्या पुरुषाशिवाय जायचं नाही हा लेखी नियम, पण कितीतरी ठिकाणी जवळच्या दवाखान्यातही पुरुष सोबत असल्याशिवाय कुणी घेत नाही. तिची खाला, म्हणजे मावशी, अशीच थांबून गेली होती. वन्सं बराच वेळ बोलल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे अफगाणिस्तानात लाख जन्मांमागे ६२० माता दगावत होत्या. त्याच सुमाराचा महाराष्ट्राचा आकडा ३३ आहे. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते वन्संसारख्या बायकांनी गावोगाव पायी तुडवलेलं आहे. आणि अफगाणिस्तानातही ते काम सुरू झालं होतं, २००२ नंतर हजारो सुईणी तयार झाल्या होत्या, हे विसरता कामा नये.

या मुलींचा आदर्श सीमा समर. १९८२ मध्ये काबूल विद्यापीठातून डॉक्टर झालेली बाई, नवऱ्याला अटक झाली तो परत आला नाही, निर्वासित होऊन पाकिस्तानात क्वेट्ट्याला गेली, तिथे १९८९ मध्ये शुहदा ही संस्था काढून दवाखाने आणि मुलींच्या शाळा चालवल्या. १९९४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे देशाच्या मानवी हक्क आयोगाची ती अध्यक्ष झाली. आठ नंबर म्हणायची, सीमा समरने आधी बायकांचा ताप मोजला, मग हक्कांचं बोलली.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवा कायदा आला. बाईचा आवाजही परक्याच्या कानावर पडू नये. खिडकी गल्लीकडे, म्हणून मुलींनी बोलणं बंद केलं. हजेरीला आता फोनजवळ पेनाने दोनदा टकटक करतात. मी "एक" म्हणते, टक टक. "दोन", टक टक. सात नंबरचं त्याआधीच लग्न करून देऊन तिला दुसऱ्या प्रांतात पाठवलं होतं. तो नंबर कुणाला दिलेला नाही. सहानंतर मी क्षणभर थांबते आणि "आठ" म्हणते.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ती शेवटची फटही बुजवली. आरोग्य संस्थांना तोंडी हुकूम गेला, उद्यापासून मुली नकोत. तीन आणि आठ नंबरचं शिक्षण संपत आलं होतं. अफगाण क्रिकेटपटू राशिद खानने या निर्णयावर जाहीरपणे खेद व्यक्त केला, फेरविचार करा म्हणाला. आपल्याकडे आयपीएलमुळे त्याला घराघरांत ओळखतात. त्या दिवशी मला तो मुलगा फार जवळचा वाटला. बंदी काही उठली नाही.

आम्ही काय करायचं, यावर माझं आणि वन्संचं दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणत होते, आपणच पूर्ण शिकवू. वन्सं म्हणाल्या, "फोनवरून सुईण होत नाही. अर्धवट शिकलेल्या हातांनी बाई मेली तर ते पाप कुणाच्या माथी?" त्यांचं बरोबर होतं. मग ठरलं, की दोघी आपल्या बळावर बाळंतपण करायला जाणार नाहीत. पण धोक्याची खूण ओळखणं, वेळेत शफाखान्यात पोचवणं, आणि बाळंतपण घरातच होऊन गेलं तर मदत येईपर्यंत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढं सगळ्या दहा जणींना चोख यायला हवं. गल्लीतल्या गरोदर बायकांच्या घरी आता या मुली 'माप घ्यायला' जातात. कपड्याचं माप होतं, आणि पाय सुजलेत का, डोकं दुखतं का, सोबत जाईल असा पुरुष आणि गाडी ठरवून ठेवलीय का, हेही विचारून होतं. तिने याची वही ठेवली नाही. ज्या बाईने एकदा तंदुरात नावं घातली ती पुन्हा कागदावर नाव लिहीत नाही. सगळं तोंडपाठ.

२९ सप्टेंबर २०२५ ला अफगाणिस्तानातलं इंटरनेट देशभर बंद केलं. फोनही लागत नव्हते. आम्ही नाळेचा पाठ अर्ध्यावर सोडला होता. सकाळी साडेदहाला वन्सं नेहमीसारख्या चष्मा पुसून माझ्या शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. मी म्हटलं, वन्सं, आज नाही यायचा फोन. म्हणाल्या, "वेळ झाली की बसायचं."

१ ऑक्टोबरला संध्याकाळी बातमी आली की इंटरनेट सुरू झालं. नियम नियम आहे, मी निरोप टाकला नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिचा फोन आला. मी हजेरी घेतली. टकटक मोजली, सहा, मग आठ, नऊ, दहा, अकरा. कुणी काही बोललं नाही. मग चार नंबरचा लिहिलेला प्रश्न आला, तीन दिवसांपूर्वी राहिलेला: मदत पोचली नसेल तर नाळ कापायची घाई करायची का?

वन्सं फोनकडे सरकल्या. "तिला सांग," म्हणाल्या, "मुळीच नाही. मूल आधी कोरडं करून आईच्या छातीशी ठेव, पांघरूण घाल. आणि नाळेवर बोट ठेवून बघ. तिच्यात धडधड लागते. ती थांबेपर्यंत कुणालाही कात्री लावू देऊ नकोस."